समस्या निवारण: डायपेप्टाइड झकास, ट्रायपेप्टाइडला यील्ड गायब

“मॅडम, कपलिंग परत अडकलं.”

हे वाक्य आमच्या लॅबमध्ये महिन्यातून दोनदा तरी कानावर येतं. पहिलं कपलिंग, म्हणजे दोन अमिनो आम्लं जोडायची पायरी, छान झालेलं असतं. डायपेप्टाइड (दोन अमिनो आम्लांची साखळी) स्वच्छ, टीएलसीवर (शुद्धता बघायच्या प्लेटवर) एकच स्पॉट, यील्ड, म्हणजे हाती आलेला माल, नव्वद टक्क्यांच्या घरात. मग अमाइनवरचा बॉक हा संरक्षक गट काढायचा (डीप्रोटेक्शन), तिसरं अमिनो आम्ल जोडायचं, आणि इथे रात्रभर ढवळूनही हाती चाळीस टक्के. पुन्हा केलं तर साठ. तिसऱ्यांदा पंचवीस.

गोम या आकड्यांच्या उड्यांमध्येच आहे. रीएजंट मुळात कुचकामी असता तर दर वेळी यील्ड साधारण सारखीच वाईट आली असती. ती वर-खाली होते म्हणजे काहीतरी आपण मोजत नाही आहोत. पण मुलं काय करतात? ईडीसी हा नेहमीचा जोडणारा रीएजंट सोडून एचएटीयू या दुसऱ्या रीएजंटची बाटली उघडतात. ती महाग, आणि तिची वेगळी डोकेदुखी: अमाइन सुस्त असेल तर एचएटीयू थेट अमाइनलाच चिकटतो आणि वस्तुमान ९८ ने वाढलेला ग्वानिडिन बायप्रॉडक्ट देतो. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा कपलिंगचा काही दोष नसतो. घोळ आदल्या दिवशीच्या डीप्रोटेक्शनमध्ये झालेला असतो, आणि आपल्याला दिसतो मात्र कपलिंगमध्ये.

उदाहरण एकच घेते, म्हणजे आकडे समोर राहतील. बॉक-प्रोलिन-ग्लायसिन-मिथाइल एस्टर, १० मिलीमोल. बॉक काढून त्याला बॉक-ल्यूसिन जोडायचं. प्रो-ग्लाय ही जोडी साखळीला वळण द्यायला कामाची, म्हणून सारखी लागते. आणि नेमकी हीच जोडी सगळ्यात जास्त रडवते.

आरबीचं (गोल बुडाच्या फ्लास्कचं) वजन केलंत का?

नवा मुलगा आला होता, एमएस्सी करून नुकताच. डीप्रोटेक्शन पुस्तकी पद्धतीने केलेलं: २.८६ ग्रॅम डायपेप्टाइड, १५ मिली डीसीएम (डायक्लोरोमिथेन हा द्रावक), १५ मिली टीएफए (ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्ल), बर्फात सुरुवात, एक तास. मग रोटावर (निर्वातात द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) ओढलं आणि “ऑइल मिळालं” अशी नोंद. मी विचारलं, ऑइल किती मिळालं? गप्प. आरबीचं रिकामं वजन घेतलेलंच नव्हतं. सारखीच दुसरी आरबी तराजूवर ठेवून अंदाज काढला. ऑइल भरलं ४.१ ग्रॅम.

आता गणित बघा. या अमाइनचा रेणुभार १८६, टीएफएचा ११४, म्हणजे टीएफए सॉल्टचा ३००. १० मिलीमोलला ३.०० ग्रॅम यायला हवेत. वरचे १.१ ग्रॅम कशाचे? त्यात चिमूटभर डीसीएम असेल, पण बहुतेक सगळा टीएफएच. म्हणजे जवळजवळ आणखी १० मिलीमोल आम्ल. आपण मुळात घातलेला टीएफए २२ ग्रॅमच्या वर, १९६ मिलीमोल. त्यातला थोडा मागे राहिला तरी पुरे होतो. टीएफए ७२ अंशांना उकळतो म्हणून रोटावर सहज जाईल असं वाटतं, पण अमाइनच्या सॉल्टला तो घट्ट धरून बसतो आणि त्या चिकट ऑइलमधून बाहेर पडत नाही.

याचे परिणाम दोन. मुलाने २.२ इक्विव्हॅलंट (डायपेप्टाइडच्या मोलच्या २.२ पट) बेस घातला होता. त्यातला एक सॉल्टला गेला, एक त्या चोरट्या टीएफएला, आणि उरलेल्या ०.२ च्या वाट्याला ईडीसीबरोबर आलेलं हायड्रोक्लोराइड. मिश्रण आम्लधर्मी, अमाइन प्रोटॉन घेऊन निवांत बसलेला. कपलिंग कोण करणार? दुसरं म्हणजे टीएफए हेसुद्धा कार्बॉक्सिलिक आम्लच. ईडीसी त्यालाही सक्रिय करतो, आणि मग ल्यूसिनच्या जागी ट्रायफ्लुरोअॅसिटाइलची टोपी अमाइनच्या डोक्यावर बसते. मासमध्ये (मास स्पेक्ट्रोमीटरवर) अमाइनपेक्षा ९६ ने जड काही दिसलं तर हेच समजा. ती टोपी बसली की त्या रेणूची साखळी तिथेच संपली.

उपाय साधा आहे. रोटावर ओढल्यावर डीसीएम घालून दोनदा ओढा, मग टोल्युइन १०-१० मिली घालून तीनदा, मग हाय व्हॅक्यूमवर किमान दोन तास. आणि वजन. ३.०० च्या ऐवजी ३.१ आलं तर चालेल, ३.६ आलं तर पुन्हा टोल्युइन. आमच्याकडे आता प्रत्येक आरबीच्या मानेवर तिचं रिकामं वजन डायमंड पेन्सिलने कोरलेलं असतं. दीडशे रुपयांच्या त्या पेन्सिलने जेवढी यील्ड वाचवली तेवढी कुठल्याच नव्या रीएजंटने वाचवली नाही.

साखळीत आम्लाला हळवं दुसरं काही नसेल तर मी टीएफए सोडून देते आणि डायॉक्सेनमधलं ४ मोलर एचसीएल वापरते. जास्तीचं एचसीएल मुळात वायूच, ते उडून जातं. वर ईथर घातला की सॉल्ट बरेचदा पावडर होऊन खाली बसतो, २.२३ ग्रॅम, आणि गाळता येतो. फक्त गाळताना झटपट. पावसाळ्यात कोकणातल्या हवेत ही पावडर फनेलवरच ओली होऊन चिकट होते, म्हणून वर उपडं फनेल धरून नायट्रोजन सोडायचा.

मग बेस जास्त घालू का?

मुलाला हे समजावल्यावर त्याने तर्काने पुढचं पाऊल टाकलं. आम्ल जास्त आहे ना, मग डीआयपीईए हा बेस पाच इक्विव्हॅलंट घालतो, विषय संपला. त्या दिवशीची यील्ड पंचवीस टक्के. सगळ्यात कमी.

इथे खरा पेच आहे. प्रो-ग्लायचा मोकळा अमाइन आपल्याच शेपटीवर उलटतो. एका टोकाला अमाइन, दुसऱ्या टोकाला मिथाइल एस्टर, मध्ये नेमकं सहा अणूंचं वलय होण्याइतकं अंतर. प्रोलिनची कडी आधीच वळलेली, ग्लायसिनला अडवायला बाजूची साखळी नाही. अमाइन एस्टरवर हल्ला करतो, मिथेनॉल बाहेर पडतो आणि डायकीटोपिपरॅझिन तयार होतं. आम्ही त्याला डीकेपी म्हणतो. त्याच्यात ना मोकळा अमाइन उरतो ना एस्टर. आम्लात हे होत नाही, कारण प्रोटॉन घेतलेला अमाइन हल्ला करू शकत नाही. बेस घातला की घड्याळ सुरू.

हाच प्रकार डाएट कोल्यात होतो. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटरला सापडलेलं अॅस्पार्टेम हा डायपेप्टाइडचा मिथाइल एस्टरच. तो सगळ्यात टिकतो पीएच ४.३ च्या आसपास. पीएच वर गेला किंवा बाटली गरम जागी पडून राहिली की तोही मिथेनॉल सोडून डीकेपी होतो आणि गोडी जाते. आपल्या फ्लास्कमध्ये तर पीएच ८ आणि वर प्रो-ग्लाय.

मी स्वतः या खड्ड्यात पडले आहे, तेही थाटात. सुरुवातीच्या काळात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितलं, बेसचा हिशेब कशाला करत बसतेस, बायकार्बोनेटने धुऊन अमाइन मोकळाच करून घे. मी सॉल्टवर बायकार्बोनेट घातलं, डीसीएममध्ये ओढून घेतलं, रोटावर ४५ अंशांना सुकवलं आणि उशीर झाला म्हणून झाकून घरी गेले. सकाळी आरबीच्या भिंतीवर सुंदर पांढरे स्फटिक. सगळ्यांना दाखवले. मासवर टाकले तर १८७ चा (अमाइनचे १८६ अधिक एक प्रोटॉन) पत्ता नाही, नुसता १५५. बत्तीसचा फरक, म्हणजे एक मिथेनॉल गेला. अख्खा माल डीकेपी.

म्हणून प्रोलिन किंवा ग्लायसिन असलेल्या डायपेप्टाइडच्या मिथाइल एस्टरचा अमाइन मोकळा करून कधीही साठवू नका. प्रोलिन दुसऱ्या जागी असेल, म्हणजे ग्लाय-प्रो-मिथाइल एस्टरसारखं काही, तर आणखी जपा. तिथे प्रोलिनमुळे अमाइड बंध वलयाला सोयीच्या बाजूला सहज वळतो.

आता यील्ड वर-खाली का होत होती ते कळेल. टीएफए जास्त राहिला त्या दिवशी अमाइन झोपलेला, बेस जास्त पडला त्या दिवशी अमाइन डीकेपीत गेलेला. कधी नशिबाने दोन्ही चुकांनी एकमेकींना सावरलं आणि साठ टक्के मिळाले. इकडे आड, तिकडे विहीर.

गेलेला माल शोधायचा कुठे

डीकेपीचा त्रास असा की तो सापडत नाही. वर्कअपमध्ये (रिअॅक्शननंतरच्या धुलाईत) ऑर्गॅनिक थर सायट्रिक आम्लाने धुतला, बायकार्बोनेटने धुतला, सुकवला. उरलेलं बॉक-ल्यूसिन बायकार्बोनेटमध्ये गेलं. प्रो-ग्लायचं डीकेपी पाण्यात चांगलं विरघळतं, ते पाण्याच्या थरात गेलं. ऑर्गॅनिकमध्ये उरतं ते प्रॉडक्ट, थोडं पण स्वच्छ. मुलं म्हणतात, “क्रूड एकदम क्लीन आहे मॅडम, फक्त कमी आहे.” बाकीचं सिंकमध्ये ओतलेलं असतं. निदान होईपर्यंत पाण्याचा एकही थर फेकू नका. त्यातला थेंबभर मासवर टाका.

तिथे एक जपायचं. डीकेपी १५५ ला दिसतं आणि न वापरलेला ईडीसी १५६ ला. ईडीसीचा युरिया १७४ ला. घाईत वाचलं तर १५५ आणि १५६ मध्ये गल्लत होते, आणि मी ती होताना पाहिली आहे.

टीएलसीवर भरवसा ठेवू नका, निदान इथे तरी. अमाइनला रंग देणारं निनहायड्रिन मारून जांभळा स्पॉट शोधायची सवय असते. प्रोलिनचा अमाइन द्वितीयक, तो जांभळा होत नाही, तापवल्यावर फिकट पिवळा पडतो आणि प्लेटच्या पिवळटपणात हरवून जातो. जांभळं काही दिसलं नाही म्हणून “अमाइन संपला, रिअॅक्शन पूर्ण” असं लिहून लोक वर्कअप करतात. डीकेपी तर निनहायड्रिनला ओळखच देत नाही आणि २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखालीही दिसत नाही. आयोडीनच्या चेंबरमध्ये प्लेट ठेवा, ते दिसेल.

मी हे असं लावते

पहिली गोष्ट म्हणजे क्रम. अमाइन मोकळा व्हायच्या आधी त्याला पकडणारा तयार हवा. ४० मिली डीसीएममध्ये बॉक-ल्यूसिन ११ मिलीमोल आणि एचओबीटी (सक्रिय एस्टर बनवणारा मदतनीस) ११ मिलीमोल घेते. एचओबीटी डीसीएममध्ये नीट विरघळत नाही, म्हणून डीएमएफ हा द्रावक दोन-तीन मिली. बर्फात शून्य अंशांवर आणून ईडीसी हायड्रोक्लोराइड १२ मिलीमोल, म्हणजे २.३० ग्रॅम. पंधरा मिनिटं ढवळू द्यायचं. बॉकसारखा युरेथेन गट असलेल्या एकट्या अमिनो आम्लाला एवढ्या वेळात रॅसमायझेशनची, म्हणजे डावं-उजवं रूप मिसळण्याची, फारशी भीती नाही.

मग अमाइनचा हायड्रोक्लोराइड सॉल्ट थोड्या डीएमएफमध्ये विरघळवून एकदम घालायचा. तो अजून सॉल्टच आहे, डीकेपीचं घड्याळ सुरू झालेलं नाही. आता एनएमएम हा बेस, एकूण २२ मिलीमोल, २.४ मिली. पण थेंबाथेंबाने, दहा-पंधरा मिनिटांत, बर्फ तसाच ठेवून. जसजसा अमाइन मोकळा होतो तसतसा समोर तयार बसलेला सक्रिय एस्टर त्याला उचलतो, एकट्याने उलटायला त्याला सवड मिळत नाही. डीआयपीईए मी इथे टाळते. एनएमएम बराच सौम्य बेस आहे, आणि या जोडीला तेवढाच हवा.

सगळा एनएमएम गेल्यावर पीएच पेपरची पट्टी पाण्याने ओली करून तिच्यावर मिश्रणाचा थेंब. साडेसात ते आठ हवं. सहा दिसलं तर दोन-दोन थेंब एनएमएम आणि पुन्हा पट्टी. नऊच्या पुढे गेलं असेल तर आधीचा हिशेब चुकलाय. तासभर बर्फात, मग रात्रभर खोलीच्या तापमानाला. पहिल्या तासानंतर पट्टी आणखी एकदा बघा. माझ्या मते या पोस्टमधला सगळ्यात कामाचा सल्ला ही पट्टीच आहे, आणि सगळ्यात जास्त कंटाळा हिचाच केला जातो.

खरा इलाज: तोडायची जागा बदला

वरचं सगळं केलं की काम निभावतं. पण तीच साखळी वारंवार किंवा किलोत करायची असेल तर मी सरळ मार्ग बदलते. प्रो-ग्लाय-मिथाइल एस्टर बनवायचाच नाही. बॉक-ल्यूसिनला आधी प्रोलिनचा मिथाइल एस्टर जोडा, मग लिथियम हायड्रॉक्साइडने एस्टर काढा, आणि मिळालेल्या बॉक-ल्यूसिन-प्रोलिनच्या आम्लाला ग्लायसिनच्या मिथाइल एस्टरचं हायड्रोक्लोराइड जोडा. या रस्त्यात डायपेप्टाइड एस्टरचा अमाइन मोकळा होण्याची वेळच येत नाही. डीकेपीचा प्रश्न मिटला.

कोणी लगेच म्हणेल, डायपेप्टाइडचं आम्ल सक्रिय केलं तर रॅसमायझेशन नाही का होणार? एरवी होतं. शेवटच्या अमिनो आम्लाचा अमाइड नायट्रोजन आपला हायड्रोजन सोडून ऑक्सॅझोलोन नावाचं वलय बनवतो आणि तिथे किरॅलिटी बिघडते. पण प्रोलिनच्या त्या नायट्रोजनवर हायड्रोजनच नाही. म्हणून तुकडे जोडायचे असतील तर जोड ग्लायसिनपाशी किंवा प्रोलिनपाशी घ्यावा, हा या धंद्यातला जुना शिरस्ता आहे. तिसरं कुठलं अमिनो आम्ल शेवटी असेल तर हा रस्ता डोळे झाकून धरू नका.

लिथियम हायड्रॉक्साइड १.५ इक्विव्हॅलंटच्या वर नको, टीएचएफ आणि पाण्यात, शून्य अंशांपासून. एस्टर संपला की लगेच सायट्रिक आम्लाने पीएच ३ ला आणून इथाइल अॅसिटेटमध्ये ओढा. रात्रभर बेसमध्ये सोडून गेलात तर प्रोलिनही बिघडेल. आणि प्रोलिनचा मिथाइल एस्टर हायड्रोक्लोराइड म्हणूनच ठेवा. मोकळा ठेवलात तर दोन रेणू एकमेकांना जोडून वेगळंच डीकेपी बनवतात.

हे सगळं ठीक असूनही अडलं तर

बॉक-ल्यूसिनच्या बाटलीवरचं लेबल वाचा. ते बहुतेक वेळा मोनोहायड्रेट म्हणून येतं, रेणुभार २४९. वहीत कोरड्याचा २३१ धरून ११ मिलीमोलसाठी २.५४ ग्रॅम घेतलंत तर प्रत्यक्षात १०.२ पडतात आणि दहा टक्क्यांची जास्तीची रक्कम दोनवर येते. त्यातल्या पाण्याची मात्र फार चिंता करू नका. एचओबीटीसुद्धा पाण्यासकटच विकतात, कारण पूर्ण कोरडं एचओबीटी स्फोटक आहे. ते “ड्राय” करून घेण्याचा शहाणपणा कोणी करू नये.

ईडीसी मोकळ्या पांढऱ्या पावडरीसारखा वाहायला हवा. ढेकळं झाली असतील तर त्यातला काही युरिया झालाय. बाटली फ्रीजरमधून काढून लगेच उघडतात हे त्याचं कारण. जुलैत थंड बाटली उघडली की आतल्या पावडरीवर दव जमतं. अर्धा तास बंदच बाहेर ठेवा. स्वस्त पडतो म्हणून ईडीसीच्याच जातीच्या डीसीसीवर जाणार असाल तर त्याचा युरिया इथाइल अॅसिटेटमध्ये थंड करून दोनदा गाळावा लागेल, तरी कॉलममध्ये मागे लागेल. शिवाय डीसीसीची त्वचेला अॅलर्जी जडते. एकदा जडली की पुढे नुसती बाटली उघडली तरी पुरळ उठतं.

सेपरेटिंग फनेलमध्ये लोण्यासारखा थर झाला तर हलवत बसू नका. मिठाचं संपृक्त पाणी घाला, सेलाइटमधून गाळा.

शेवटचं एनएमआरबद्दल. लॅबमधला तोच नवा मुलगा हा बदललेला मार्ग वापरून माल घेऊन आला, यील्ड चांगली, पण चेहरा पडलेला. बॉकचे आणि मिथॉक्सीचे सिग्नल जोडीजोडीने दिसत होते. “मॅडम, रॅसमायझेशन.” प्रोलिनच्या अलीकडचा अमाइड बंध दोन बाजूंना वळून राहू शकतो आणि दोन्ही रूपं एनएमआरला वेगवेगळी दिसतात. नमुना ड्यूटेरियमवाल्या डीएमएसओत ८० अंशांना तापवून पुन्हा घ्यायला सांगितला. रॅसमायझेशनमुळे झालेले खरे डायास्टिरिओमर, म्हणजे वेगळ्या घडणीचे दोन रेणू, असते तर तापवूनही दोन राहिले असते. जोड्या रुंदावून एक झाल्या, आणि एचपीएलसीलाही एकच पीक आलं.